कड्यावर, तळाशी की समोर?

माझी भाची जोहान्सबर्गला असते. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, "मामा, व्हिक्टोरिया फॉल्सला चाललोय. राहायचं कुठे, झिंबाब्वेत की झांबियात?" मी आफ्रिकेत पाऊल ठेवलेलं नाही. पण कर्जतच्या माणसाला धबधब्याबद्दल विचारलं की तो उत्तर देतोच. जून ते सप्टेंबर आम्हाला दुसरं काही कोणी विचारतच नाही : "धबधब्याजवळ राहायला चांगलं काय आहे?" फार्महाऊस आहेत, होमस्टे आहेत, तंबू आहेत, नवरा-नवरीला हेलिकॉप्टरमधून उतरवतील असे रिसॉर्टही आहेत. मला विचाराल तर खोली, जेवण, स्विमिंग पूल सगळं मागाहून बघा. आधी पाणी पडतं त्या दगडाच्या कुठल्या अंगाला आपण झोपणार, तेवढं ठरवा.

व्हिक्टोरियाचंच बघा. झांबेझी नदी तिथे सुमारे १,७०० मीटर रुंद पात्रातून येते आणि १०८ मीटर खाली जाते. पण आपल्या मनातल्या धबधब्यासारखी मोकळ्या दरीत नाही पडत. काळ्या कातळाला पडलेल्या एका लांबलचक फटीत पडते. फटीचा पलीकडचा काठ अलीकडच्या काठाइतकाच उंच. म्हणजे पलीकडे उभं राहिलं की अख्खी नदी तुमच्या डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरावर जमिनीत शिरताना दिसते. हा समोरचा काठ मुख्यतः झिंबाब्वेत येतो. झांबियात तुम्ही कडेला असता, पाण्याला जास्त खेटून. पण तिकडच्या बाजूचं पाणी आधी आटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे बराचसा नुसता काळा कडा उरतो. एकाच धबधब्याच्या दोन देशांतल्या हॉटेलांचं भवितव्य दगडातल्या चार हातांच्या चढ-उताराने ठरतं, याची मला गंमत वाटते.

१८५५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टनने तो पाहिला आणि राणीचं नाव देऊन टाकलं. तिथल्या लोकांचं नाव आधीपासून होतंच, मोसी-ओआ-तुन्या, गडगडणारा धूर. ओघात सांगतो, हा लिव्हिंग्स्टन १८६४मध्ये आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आला होता. आणि पुढे आफ्रिकेत तो वारल्यावर ज्यांनी त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून नेला, त्यांच्यात जेकब वेनराइट होता, नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमात शिकलेला, गुलामीतून सुटलेला आफ्रिकी मुलगा. देहासोबत तो थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. तेव्हा त्या धबधब्याशी आपलं नातं अगदीच लांबचं नाही.

दगडाचं नातं तर सख्ख्या भावंडांसारखं. तिथला काळा कातळ म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दोन्ही बेसॉल्ट, दोन्ही थरावर थर. घाटात कुठेही कडा निरखून बघा. एक थर घट्ट, एकसंध, सरळसोट तुटलेला. त्याच्याखाली भुसभुशीत, फोडाफोडांचा, ज्यावर गवत आणि कारवी धरते. मग पुन्हा घट्ट. पाणी मऊ थर खाऊन टाकतं, वरचा घट्ट थर अधांतरी राहतो, कधीतरी कोसळतो आणि कडा हातभर मागे सरकतो. म्हणूनच आपले बहुतेक धबधबे एका उडीत खाली येत नाहीत, जिना उतरल्यासारखे येतात.

आता कर्जत स्टेशनच्या पुलावर उभे राहा. पूर्वेला ढाक, राजमाची, म्हणजे सह्याद्रीची मुख्य भिंत. पश्चिमेला माथेरान. मधल्या सपाटीतून उल्हास नदी उत्तरेला निघालेली. माथेरान म्हणजे त्याच लाव्हाच्या थरांचा मागे राहिलेला तुकडा. मधलं सगळं पाण्याने कोरून नेलं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा हातातला बटाटेवडा हातातच राहिला. व्हिक्टोरियाला फटीचे दोन काठ हाकेच्या अंतरावर, आपल्याकडे दहा-पंधरा किलोमीटरवर. बाकी मांडणी जवळपास तीच. आणि आपण कर्जतकर त्या फटीच्या तळाशी दळण आणत, लोकल पकडत राहतो.

म्हणजे भाचीला पडलेला प्रश्न इथेही आहेच : कड्यावर राहायचं, तळाशी राहायचं, की समोर?

बहुतेकांना कड्यावर जायचं असतं. खंडाळ्याला, राजमाचीला, माथेरानला. मीही एकदा घाटमाथ्यावर 'वॉटरफॉल व्ह्यू' नावाच्या खोलीचे चांगले पैसे मोजलेत. दोन दिवस खिडकीबाहेर पांढरं. व्यवस्थापक सारखा सांगायचा, "सर, समोरच आहे." आवाज येत होता, हे खरं. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून येतो, भिंतीला आपटतो आणि वर चढतो. वर जाताना गार होतो, त्यातली वाफ ढग होते, आणि तो ढग नेमका कड्यावर, तुमच्या खिडकीत बसतो. माथेरानला वर्षाला सुमारे पाच मीटर पाऊस पडतो. भिंत ओलांडून पुण्याला जा, पाऊण मीटरच्या आसपास. ढग सगळं ओझं या काठावर टाकून रिकामा होतो. त्या ओझ्याखाली बसून देखावा मागण्यात अर्थ नाही.

तळाशी मात्र ढगाच्या खालची बाजू दिसते. जुलैत दोन सरींच्या मध्ये कर्जतहून पूर्वेला बघा : काल जिथे कोरडा कातळ होता तिथे आज वीस-पंचवीस पांढऱ्या रेघा, एकीलाही नाव नाही. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला असतो, म्हणजे तुमच्या पाठीशी, आणि भिंत समोर. इंद्रधनुष्याला एवढंच लागतं, पाठीशी ऊन आणि समोर उडणारं पाणी. सकाळी हेच माथेरानच्या अंगाला. भिवपुरी रोडला उतरून आषाणे, बेकरेकडे जाणाऱ्याने सकाळ गाठावी, कोंदिवड्याकडे जाणाऱ्याने दुपार. व्हिक्टोरियाला तर पौर्णिमेच्या आसपास चांदण्याचंही धनुष्य पडतं आणि ते बघायला रात्री दार उघडतात. आपल्याकडे भर पावसात पौर्णिमेचा चंद्र दिसला तर तीच बातमी.

वेळेचं गणित मात्र दोन्हीकडे अगदी उलटं आहे. झांबेझीचा पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च पडतो, तोही शेकडो किलोमीटर वर, अंगोला आणि झांबियात. ते पाणी वाटेतल्या अफाट पूरमैदानांवर पसरतं, रेंगाळतं, आणि कड्याशी भर येतो एप्रिलच्या सुमारास, पाऊस थांबल्यावर. तिथे धबधबा कधी फुगेल हे महिनाभर आधी सांगता येतं. आमच्याकडच्या धबधब्यामागे नदीच नसते. असतो माथ्यावरचा थोडासा उतार. वर ढग फुटला की पाणी घटका-अर्ध्या घटकेत खाली. खोपोलीत झेनिथ कारखान्यामागच्या धबधब्यावर काय, आषाण्याला काय, खाली लख्ख असताना लोंढा येतो. आधी खूण दिसते, पण ती बघायला डोकं मोबाइलमधून वर काढावं लागतं. नितळ पाणी चहासारखं होतं, मग त्यात काड्या, पाचोळा येतो, आणि आवाज खर्जात जातो. आवाज बदलला की चप्पल शोधत बसू नये. धबधबे-धरणांवर पावसाळ्यात प्रशासन मनाईहुकूम काढतं तेव्हा लोक नाकं मुरडतात. ओढ्याकाठच्या गावातला माणूस मुरडत नाही.

म्हणून ओढ्याला लागून असलेली खोली मी कोणाला सुचवत नाही, कितीही 'रिव्हरसाइड' असो. उताराच्या कुशीतली तर नाहीच. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत तिचं नाव नव्हतं. कातळावर माती-दगडांचा जाड थर बसलेला असतो. दिवसचे दिवस पाणी मुरलं की तो जडही होतो आणि आतून सुटाही. आतलं पाणी मातीच्या कणांना एकमेकांपासून उचलून धरतं. मग एका घटकेला डोंगराची पकड सुटते. मी हे लिहितो ते वीकेंडच्या पाहुण्यासाठी, ज्याला जागा निवडता येते. वाडीतल्या माणसांना कोणी 'कुठे राहाल' असं विचारलं नव्हतं.

आणि याच डोंगररांगांत कड्याच्या पोटात एक मुक्काम दोन हजार वर्षांहून जास्त टिकून आहे. कोंदिवड्याहून झाडीतून तासभर चढलं की राजमाचीखाली कोंडाण्याची लेणी लागतात. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाणी थेट लेण्यांच्या तोंडावरून खाली येतं, पडदा सोडल्यासारखं. विहारात शिरा. मधे खांबांचा दिवाणखाना, वर छताला लाकडी तुळयांची हुबेहूब नक्कल, दगडात. तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या, आत झोपायला दगडी ओटा. मी एकदा त्या ओट्यावर पाठ टेकली होती. गार, कोरडा, माझ्या उंचीला जेमतेम पुरेल एवढा. बाहेर एवढा कल्लोळ आणि आत अंगावर थेंब नाही.

इथे राहणाऱ्यांना पावसाळ्यात हिंडायची मुभाच नव्हती. बौद्ध भिक्षूंनी आषाढापासून तीन महिने एका जागी राहायचं, कोवळे अंकुर आणि जीवजंतू पायाखाली तुडवायचे नाहीत, हा वर्षावासाचा नियम. म्हणजे धबधब्यापाशी राहायला जागा हवी, तीही ऐन पावसात, हा प्रश्न त्यांनी आपल्या दोन हजार वर्षं आधी सोडवला. कोकणातून घाटावर जाणाऱ्या वाटेजवळची जागा धरली, म्हणजे व्यापाऱ्यांची ये-जा आणि भिक्षा. लेणं कोरलं ते कातळात. वर माती नाही, खाली माती नाही, घसरायचं काय? तिथल्या एका शिल्पाशी लेख आहे, हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं अशा अर्थाचा. पाण्याने आपला हिशेब चुकता केलाच म्हणा. चैत्यातल्या खांबांचे खालचे भाग ओलीने झिजून गेलेत, वरचे तेवढे लोंबकळल्यासारखे उरलेत. पण छत अजून डोक्यावर आहे.

भाचीला मी सांगितलं, पहिलीच खेप आहे, समोर राहा, झिंबाब्वेत. आणि एक दिवस झांबेझीवरचा १९०५चा पूल ओलांडून पलीकडे झांबियात जाऊन या. एप्रिल आहे, भिजाल. ती म्हणाली, "आणि तुझ्याकडे कधी येऊ?" मी म्हटलं, मे महिन्यात ये. तिला वाटलं मामाने चेष्टा केली.

चेष्टा नव्हती. मेमध्ये कर्जतच्या सगळ्या पांढऱ्या रेघा पुसलेल्या असतात, पण खोपोलीत पाताळगंगा वाहत असते. वर लोणावळ्याजवळ वळवण, लोणावळा, शिरवता ही टाटांची धरणं. भीमेच्या खोऱ्यातलं ते पाणी पूर्वेला जायचं, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. ते अडवून कड्याशी आणलं आणि लोखंडी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं. १९१५पासून खोपोलीचं वीजघर त्यावर चालतं. पहिली वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. व्हिक्टोरियाच्या पाचपट उंचीचा हा धबधबा, पण ना थेंब उडतो ना धूर. खाली पोचतं तेव्हा पाण्याचा दाब हवेच्या पन्नासपट असतो; त्याची धार चाकाच्या वाट्यांवर आदळते, सगळा जोर चाकाला देऊन टाकते आणि पाणी मुकाट पाताळगंगेत उतरतं. पुढे १९२२मध्ये कर्जतच्या अंगाला भिवपुरीलाही असंच वीजघर झालं.

खोपोलीच्या लोकलमधून उतरून घाटाकडे बघितलं की डोंगरावरून उतरणारे ते नळ दिसतात. उन्हात कड्यावर गवत पिवळं पडलेलं, आणि आत पाणी कोसळतंय. त्या दिवसांत खोल्या अर्ध्या भावात मिळतात.