रिकाम्या शंखाचे उमेदवार
किनाऱ्यावरचे शेजारी : लेखांक ९

समुद्री गोगलगाय स्वतःच्या अंगातून चुना गाळत वेटोळ्यामागून वेटोळं कसं रचते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता ती मेल्यावर काय होतं ते पाहू.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडपावरच्या एखाद्या डबक्यापाशी पाच मिनिटं उकिडवं बसा. गोगलगायीला कधी जमणार नाही अशा वेगानं एखादा शंख तुरुतुरु चालू लागेल. आत गोगलगाय नाही, खेकडा आहे. इंग्रजीत त्याला हर्मिट क्रॅब, म्हणजे एकांतवासी खेकडा म्हणतात. ते नाव मला पटत नाही. सतत शेजाऱ्याच्या घरावर नजर ठेवणारा प्राणी एकांतवासी कसला? मी त्याला शंखातला खेकडा म्हणेन.

त्याच्या अंगाचा पुढचा भाग इतर खेकड्यांसारखा टणक असतो. पोट मात्र मऊ आणि एका बाजूला वळलेलं, शंखाच्या वेटोळ्यात नेमकं बसणारं. शंख त्याला स्वतः बनवता येत नाही आणि जिवंत गोगलगायीला मारून तो सहसा घर मिळवत नाही. गोगलगाय दुसऱ्या कुणाची शिकार होईपर्यंत त्याला थांबावं लागतं. मरणाऱ्या गोगलगायीचा वास पाण्यात पसरला की काही जातींचे खेकडे त्या जागी गोळा होतात. मिळालेलं घरही कायमचं नसतं, कारण खेकडा वाढतो आणि शंख वाढत नाही. तोकड्या शंखात अडकलेल्याची वाढ मंदावते आणि मादीची अंडी कमी होतात.

म्हणून मारामाऱ्या होतात. युरोपच्या किनाऱ्यावरच्या पॅग्युरस बर्नहार्डस या जातीवर रॉबर्ट एलवूड आणि मार्क ब्रिफा यांनी खूप काम केलं आहे. हल्लेखोर दुसऱ्याचा शंख धरतो आणि स्वतःचा शंख त्यावर ठकठक आपटू लागतो. थोडा थांबतो, पुन्हा आपटतो. आतला खेकडा अंग चोरून घट्ट धरून बसतो. ठोके जितके जोरकस आणि दोन फैरींमधली उसंत जितकी कमी, तितकी हल्लेखोर जिंकण्याची शक्यता जास्त. आपटून आपटून त्याचाही दम जातो, म्हणजे हे ठोके त्याच्या ताकदीची खरी साक्ष देतात. शेवटी आतल्यानं पकड सोडली की तो उघडा बाहेर येतो आणि हल्लेखोरानं टाकलेला शंख बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला येतो.

मग एकाच किनाऱ्यावर तीन जाती असल्या, तर सर्वांत बळकट जात बाकीच्यांना हुसकून का लावत नाही? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वान बेटांवर रिचर्ड व्हान्स यांनी पॅग्युरसच्या तीन जातींबाबत हाच प्रश्न विचारला. त्यांचं काम १९७२ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी एका वेगळ्या पडलेल्या खडकाळ पट्ट्यावर खुणा केलेले रिकामे शंख नेऊन टाकले, तेव्हा तिथल्या छोट्या खेकड्यांची संख्या वाढली. म्हणजे अडचण अन्नाची नव्हती, घरांची होती. सरळ आणि सुंदर प्रयोग! टंचाई आहे असं नुसतं म्हणण्यापेक्षा ती दूर करून पाहणं केव्हाही चांगलं.

टंचाई असूनही तिघे टिकले, कारण त्यांच्या वावरण्याच्या जागा आणि शंखांच्या आवडी पूर्ण जुळत नाहीत. त्यांतला ग्रॅनोसिमॅनस हा हिरवट अंगाचा आणि निळ्या ठिपक्यांचा. त्याला मोठा, जड शंख हवा, संकट आलं की पूर्ण आत शिरता येईल असा. हिर्सुटियस्क्युलसला हलका आणि लहानसा शंख आवडतो, अगदी सगळं अंग आत मावलं नाही तरी. त्याची भिस्त पळण्यावर. हातात धरलात तर तो शंखच सोडून निसटतो. एकाला जो शंख किल्ला वाटतो, तो दुसऱ्याला पाठीवरचं ओझं वाटतो. मात्र मोठ्या शंखाची आवड असलेल्यांची पिल्लंही लहानच असतात. लहान शंखांवर त्यांचाही डोळा असणारच, त्यामुळे चुरस पुरती मिटत नाही.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आयव्हन चेस या समाजशास्त्रज्ञानं याच खेळाची आणखी एक बाजू पाहिली. माणसांच्या घरबदलांचा विचार ज्या पद्धतीनं होतो, ती पद्धत त्यांनी या खेकड्यांना लावली. एक चांगला रिकामा शंख मिळाला की एक खेकडा त्यात जातो, त्याचं जुनं घर दुसऱ्याला मिळतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. साखळी सरकत जाते आणि शेवटी उरतो तो कुणालाच नको असलेला, फुटका किंवा फारच तोकडा शंख.

किनाऱ्यावर फिरायला गेलेला माणूस बरोबर उलटी निवड करतो. फुटका शंख तो पायानं बाजूला सारतो आणि मोठा, अखंड, चकचकीत शंख उचलून पिशवीत टाकतो. साखळीची पहिली कडीच घरी जाते आणि खालच्या दोघा-तिघांचं घर बदलायचं राहून जातं.

(पुढच्या आठवड्यात : खडकाला चिकटून बसणारे बार्नेकल)