शिफारसपत्रासाठी शिक्षकाची निवड : ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पदवीनंतर संशोधन संस्थेत किंवा परदेशातील विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा गुणपत्रिकेबरोबर दोन किंवा तीन शिफारसपत्रे द्यावी लागतात. इंदापूर तालुक्यातील कळंब-वालचंदनगर परिसरासारख्या ऊसपट्ट्यात महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरातील ती पहिलीच पिढी असते. परीक्षेचा अर्ज कसा भरावा, हे त्यांना मित्रांकडून कळते. परंतु शिफारसपत्र कोणाकडे मागावे, हे सांगणारे घरात किंवा गावात सहसा कोणी नसते. हा निर्णय कोणत्या निकषांवर घ्यावा आणि त्यात प्राध्यापकांची भूमिका काय असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

'शिफारस' शब्दाचे दोन अर्थ :

आपल्या व्यवहारात 'शिफारस' या शब्दाला वशिल्याचा वास आहे. नोकरीसाठी, बदलीसाठी किंवा वसतिगृहातील जागेसाठी वजनदार व्यक्तीची चिठ्ठी नेण्याची सवय समाजाला आहे. चिठ्ठीची किंमत ती देणाऱ्याच्या पदावर ठरते. साहजिकच विद्यार्थी प्राचार्यांकडे, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे किंवा एखाद्या लोकप्रतिनिधीकडे धाव घेतो. शैक्षणिक शिफारसपत्राचे स्वरूप मात्र साक्षीचे असते. साक्षीदार किती मोठा आहे यापेक्षा त्याने स्वतः काय पाहिले, याला तेथे महत्त्व असते. ज्यांनी विद्यार्थ्याला कधी शिकविले नाही, त्यांचे पत्र 'सुशील, कष्टाळू व होतकरू' या तीन विशेषणांपलीकडे जाऊ शकत नाही. निवड समितीच्या दृष्टीने असे पत्र असून नसल्यासारखेच असते.

एक ऐतिहासिक उदाहरण :

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शैक्षणिक वाटचालीत हा भेद स्पष्ट दिसतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी होते. म्हणजे ते त्यांचे वर्गशिक्षक नव्हते. तथापि चर्नी रोडच्या बागेत नित्य वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला होता आणि त्याला वाचावयास पुस्तकेही दिली होती. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पैशाअभावी अडले, तेव्हा त्यांनी सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकरांपाशी मोठे पद नव्हते. पाहिलेले सांगण्याचा अधिकार मात्र होता.

१९१३ साली आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, तेव्हा कोलंबियातील प्रा. एडविन सेलिग्मन यांनी तेथील प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिले होते. सेलिग्मन यांचे नाव अर्थशास्त्रात मोठे होते, हे खरे; पण त्यांनी या विद्यार्थ्याला स्वतः शिकविले होते, हे त्याहून महत्त्वाचे. प्रा. एडविन कॅनन यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंबेडकरांच्या रुपयाविषयक ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तीत आपले मतभेद नोंदवूनही विवेचनातील ताजेपणाची दाद दिली. शिफारस म्हणजे निव्वळ स्तुती नव्हे, हा बोध त्यातून मिळतो.

निवडीचे निकष :

१) सहवास : ज्या शिक्षकाने किमान दोन सत्रे शिकविले आहे किंवा प्रकल्पाचे मार्गदर्शन केले आहे, त्यास प्राधान्य द्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांचा समावेश आहे. त्या कामावर देखरेख करणारा शिक्षक हा स्वाभाविक साक्षीदार होय.

२) प्रयोजनाशी मेळ : संशोधनासाठी प्रयोगशाळेतील काम पाहिलेला शिक्षक, तर समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारीही उपयुक्त ठरतो. दोन पत्रांनी दोन वेगळ्या बाजू दाखवाव्यात. अमेरिकेतील एमआयटी ही संस्था पदवी प्रवेशासाठी एक पत्र गणित वा विज्ञानाच्या आणि दुसरे भाषा वा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाकडून मागते, ते याच हेतूने.

३) गुणांपेक्षा प्रगती : ज्या विषयात सर्वाधिक गुण मिळाले, त्याच शिक्षकाकडे जावे असे नाही. अडखळत सुरुवात करून विद्यार्थी कसा सावरला, हे पाहिलेला शिक्षक गुणपत्रिकेत नसलेली गोष्ट सांगू शकतो.

४) होकाराची खात्री : 'सर, पत्र द्याल का?' एवढेच न विचारता 'माझ्या कामाविषयी सविस्तर लिहिता येईल इतका परिचय आहे असे आपणांस वाटते का?' असे विचारावे. त्यामुळे शिक्षकालाही संकोच न बाळगता नकार देता येतो. विनंती किमान तीन-चार आठवडे आधी करावी आणि सोबत गुणपत्रिका, प्रकल्प अहवाल व अंतिम तारीख द्यावी.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांचा प्रश्न :

ग्रामीण महाविद्यालयांत विद्यार्थ्याला जवळून ओळखणारा शिक्षक अनेकदा तासिका तत्त्वावर काम करणारा असतो. त्याच्या पत्राला किंमत नसेल, या समजुतीने विद्यार्थी त्याला टाळतो. शिवाय अनेक परदेशी विद्यापीठे शिफारसकर्त्याचा संस्थेचा अधिकृत ई-मेल पत्ता मागतात आणि तो अशा शिक्षकाकडे नसण्याची शक्यता असते. येथे उणीव शिक्षकाच्या योग्यतेत नसून व्यवस्थेत आहे. महाविद्यालयाने असा पत्ता व अधिकृत पत्रशीर्ष उपलब्ध करून दिल्यास प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. ते शक्य नसेल तेथे विभागप्रमुखाने त्या शिक्षकाशी चर्चा करून, माहितीचा आधार स्पष्ट नमूद करून पत्र लिहावे.

प्राध्यापकांची जबाबदारी :

'तूच लिहून आण, मी सही करतो' ही पद्धत सोयीची वाटली, तरी तिचे परिणाम गंभीर आहेत. एकाच हाताने लिहिलेली दोन पत्रे अनुभवी वाचकाच्या लगेच लक्षात येतात. ज्याच्या घरी इंग्रजी लिहिणारे कोणी आहे, त्याचे पत्र चांगले उतरते आणि ज्याला शिक्षकाच्या लेखणीची खरी गरज आहे, तोच मागे पडतो. अमेरिकेतील १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहण्याचा हक्क दिला. तरीही प्रवेश अर्जात शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडण्याचा पर्याय विद्यार्थ्यापुढे ठेवला जातो. पत्र गोपनीय असेल तरच साक्ष मोकळेपणाने दिली जाते, ही त्यामागील धारणा होय. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले पत्र या धारणेलाच छेद देते.

'विद्यार्थी हुशार आहे' या वाक्यापेक्षा 'नीरा कालव्यालगतच्या शेतांतील मातीचे नमुने त्याने स्वतः गोळा केले आणि निष्कर्ष जुळेना तेव्हा परीक्षण पुन्हा केले' हे वाक्य अधिक काही सांगते. असे तपशील ऐनवेळी आठवत नाहीत. मार्गदर्शक-विद्यार्थी योजनेची नोंदवही नॅकच्या मूल्यांकनापुरती न भरता प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याविषयी दोन-तीन ओळी लिहिल्या, तर हेच शिफारसपत्राचे साहित्य होईल.

समारोप :

सारांश, शिफारसपत्रासाठी शिक्षकाची निवड अर्जाच्या आदल्या आठवड्यात होत नसते. विद्यार्थी पहिल्या वर्षापासून कोणाच्या नजरेसमोर काम करतो, यावर ती ठरते. म्हणून ही माहिती प्रथम वर्षाच्या स्वागतसत्रातच दिली जावी. कोणाकडे मागावे हे न कळल्यामुळे गुणवान विद्यार्थ्याची संधी हुकत असेल, तर तिची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.