जुन्या ईमेलच्या ढिगातून मराठी मेसेज का सापडत नाही?

एखादा ईमेल ग्रुप दहा-पंधरा वर्षं चालला की त्याच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे वेबवर साठवलेल्या जुन्या मेसेजमध्ये, हजारोंची भर पडते. तिथे मराठीत काही शोधलं की बरेचदा उत्तर येतं, "काहीही सापडलं नाही". मेसेज तर तिथेच असतो. पण शोधणाऱ्याला वाटतं, असं कुणी कळवलंच नव्हतं. विषय जमिनीच्या मोजणीचा किंवा वर्गणीच्या हिशोबाचा असेल, तर यावरून भांडणंही होतात.

उदाहरणाला माझंच गाव घेऊ: वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं तळेगाव (श्यामजी पंत). समजा, गावच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "तळेगांवच्या रस्त्याची मोजणी मंगळवारी". तीन वर्षांनी तुम्ही शोधलं, "तळेगाव रस्ता". साधा सर्च इथेच हात टेकतो. का ते बघू.

पायरी 1: आधी मेसेज उलगडा

ईमेलची रचना मुळात इंग्रजी अक्षरांसाठी झाली. त्यामुळे मराठी मजकूर पाठवताना तो बरेचदा बेस-64 या पद्धतीने इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत बदलला जातो. "तळेगाव" या शब्दात युनिकोडची 6 चिन्हं आहेत. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे एकूण 18 बाइट लागतात. बेस-64 मध्ये त्यांची 24 अक्षरं होतात. गंमत म्हणजे शब्दाआधी किती बाइट आले यावर ती अक्षरं बदलतात. एकाच शब्दाची तीन वेगवेगळी रूपं! म्हणून मूळ फाइलमध्ये थेट शोधून उपयोग नाही. मेसेज आधी उलगडायचा, मगच त्याची सूची करायची. पुस्तकाच्या शेवटी "शब्द आणि पान" अशी सूची असते ना, तशीच ही "शब्द आणि मेसेज" अशी सूची.

पायरी 2: शब्दांना एका रांगेत आणा

कॉम्प्युटरला "तळेगाव" आणि "तळेगांव" हे दोन वेगळे शब्द वाटतात. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार गेले, पण लोकांच्या हातातून गेले नाहीत. मग सगळेच अनुस्वार काढून टाकायचे का? नाही! तसं केलं तर "भांडं" आणि "भाडं" एक होईल. म्हणून नियम फक्त "गांव"सारख्या ठरावीक रूपांपुरता ठेवायचा.

पुढचा अडथळा विभक्तीचा. "तळेगावला", "तळेगावहून" हे सुरुवातीची अक्षरं जुळवून सापडतात. "रस्ता" मात्र "रस्त्याची" होताना मधूनच बदलतो. तिथे प्रत्यय आणि सामान्यरूप सोलून "रस्त" एवढंच सूचीत ठेवावं लागतं. शोधणाऱ्याच्या शब्दालाही तोच नियम लावायचा. एकाच बाजूला लावला तर काम आणखी बिघडतं.

तिसरा अडथळा डोळ्यांना दिसतच नाही. "दुसऱ्या" हा शब्द कुणी "ऱ" वापरून लिहितं, तर कुणी "र", हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरणसुद्धा ही दोन रूपं एक करत नाही. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

पायरी 3: मूळ मजकूर तसाच ठेवा

अदृश्य चिन्ह काढून "ऱ"चा "र" केला की "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना" एकच होतात. स्वयंपाकी आणि गुरुजी एकाच पंगतीत! म्हणून सोललेलं रूप फक्त सूचीसाठी वापरायचं. निकाल दाखवताना अक्षरशः जुळणारे मेसेज वर, बाकीचे खाली. "तळेगाव"चंही तसंच. पुणे जिल्ह्यातलं दाभाडे, अमरावतीतलं दशासर आणि आमचं श्यामजी पंत अशी तळेगावं अनेक. "श्यामजी पंत" आणि "श्यामजीपंत" ही दोन्ही रूपं सूचीत घातली, तर नेमकं गाव वर येतं.

पायरी 4: मेसेजला कायमचा पत्ता द्या

सापडलेल्या मेसेजची लिंक पुढच्या वर्षीही चालायला हवी. मेलमन 2 सोबतच्या पाइपरमेलमध्ये मेसेजना ओळीने नंबर मिळतात. मधला एखादा मेसेज काढून अर्काइव्ह पुन्हा बांधलं की नंबर सरकू शकतात आणि जुनी लिंक भलत्याच मेसेजवर जाते. त्यापेक्षा मेसेज-आयडी वापरावा. ही ओळख मेसेजच्या आतच असते. 1982 च्या आरएफसी 822 या मानकातही ती आहे. लिनक्स कर्नलच्या चर्चांचं "लोर" हे अर्काइव्ह याच आयडीवरून लिंक बनवतं. उत्तरांमध्येही मूळ मेसेजचा आयडी असतो, त्यामुळे अख्खी चर्चा क्रमाने जोडता येते.

तुमच्या ग्रुपचं अर्काइव्ह असेल तर आजच तीन शब्द शोधून बघा: गावाचं नाव अनुस्वारासह आणि अनुस्वाराशिवाय, "रस्ता", आणि "दुसऱ्या". निकाल वेगवेगळे किंवा अर्धवट आले, तर तुमचे जुने मेसेज हरवलेले नाहीत. फक्त सूची नव्याने करायची गरज आहे.