सर्व्हे नंबर नसलेल्यांची सूचना

बेलवलीचा भुयारी मार्ग जोराच्या पावसात तुंबला की बदलापूरच्या पूर्व-पश्चिमेमधली ये-जा अवघड होते. तरीही इथे नव्या इमारतींवर ‘बुकिंग चालू’चे फलक लागतच राहतात. डोंबिवली परवडली नाही म्हणून कल्याण, कल्याण परवडले नाही म्हणून अंबरनाथ आणि तेही आवाक्याबाहेर गेले म्हणून बदलापूर, असा अनेकांचा प्रवास. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 97,948 होती, 2011 मध्ये ती 1,74,226 झाली. मुंबईचे सीएसएमटी इथून 68 किलोमीटर दूर आहे.

या माणसांच्या घरांचा विचार सरकार करते तेव्हा त्यांना विचारते का? कागदावर, विचारते. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लिलावाच्या नोटिशीशेजारी बारीक टायपात छापून येते.

राज्याचे गृहनिर्माण धोरण 2007 नंतर थेट 2025 मध्ये नवे झाले. त्याचा मसुदा 2024 मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला आणि 20 मे 2025 रोजी मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ या नावाने धोरण मंजूर केले. 2030 पर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी 35 लाख घरे, हे त्यातले ठळक उद्दिष्ट. ज्येष्ठ, विद्यार्थी, नोकरदार महिला यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा आणि औद्योगिक क्षेत्रातील कामगारांच्या घरांचाही त्यात विचार आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत राबणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा. मात्र मसुदा आला तेव्हा बदलापुरात ‘साहेब, हे काय आहे?’ असे विचारायला नगरसेवकच नव्हते. 2020 पासून नगर परिषद प्रशासकाच्या हाती होती.

विकास आराखड्याची तऱ्हा थोडी वेगळी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नकाशात रहिवासी पट्टा पिवळा, हरित पट्टा हिरवा. ज्याची जमीन आहे तो सातबारा काढतो, नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधतो, आरक्षण पडले असेल तर वकील गाठतो, अर्ज देतो आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का मारून पोच घेतो.

भाडेकरू काय शोधणार? त्याला सर्व्हे नंबरच नाही. हरकत कुणालाही घेता येते, पण नकाशावर बोट ठेवायला त्याच्या मालकीचे काही नसते. त्याच्या हाती उरते ती सूचना.

अशा सूचनेलाही वजन येऊ शकते, पण संख्या हवी. मुंबईच्या 2034 च्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, त्यावर हजारो हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्येच तो नव्याने करण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला, मंजुरीला 2018 उजाडले. तिथे नागरिकांच्या संघटना होत्या, नकाशे वाचून दाखवणारे वास्तुविशारद होते. बदलापूरकराच्या वाट्याला बहुधा सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप येतो, आणि तिथे पाण्याच्या वेळा आधी!

मागण्यासारखे मात्र बरेच आहे. मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत 20 टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांना देण्याची सर्वसमावेशक योजना आखली गेली ती दहा लाखांवर वस्तीच्या महापालिकांसाठी. म्हणजे जिथे स्वस्त घर शोधत लोक येतात, ती नगर परिषद तेव्हा तिच्या बाहेर राहिली. दुसरा प्रश्न नदीचा. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. उल्हास नदीच्या निळ्या-लाल पूररेषा नकाशावर आहेत. परवडणारी घरे त्या रेषांच्या कोणत्या बाजूला उभी राहणार, हे विचारायला सातबारा लागत नाही.

सूचना लिहायची तर साधीच: घर किती चौरस फुटांचे हवे, महिन्याला किती हप्ता झेपतो, कामाला कुठे जातो, भाड्याचे चालेल का. खाली नाव, पत्ता, सही. फक्त सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला लागली, तर त्या वेळी बेलवलीचा अर्जदार केव्हाच मुंबईच्या कचेरीत पोचलेला असतो. तेव्हा अर्जातली पहिली सूचना ‘सुनावणी रविवारी ठेवावी’ हीच लिहिलेली बरी.