देशमुख : एक हुद्दा आणि एक आडनांव

लातूरच्या गंजगोलाईंत सोळा रस्ते एकत्र येतात. भर बाजाराच्या वेळीं तेथें उभें राहून कोणी "अहो देशमुख!" अशी हांक मारली, तर चार-पांच माना तरी सहज वळतील. गंमत अशी कीं, त्या चार-पांच जणांचें परस्परांशीं कांहीं नातें असेलच असें नाहीं. एक मराठा असेल, दुसरा देशस्थ ब्राह्मण, तिसरा लिंगायत. कोंकणांत तर मुसलमान देशमुखांचीं जुनीं घराणीं आहेत, कायस्थ प्रभु देशमुख आहेत, चित्पावनही आहेत. इतक्या निरनिराळ्या जातींत आणि धर्मांत सारख्याच सहजतेनें वावरणारें आडनांव महाराष्ट्रांत विरळाच. असें कां व्हावें, आणि या आडनांवानें ओळखलीं गेलेलीं माणसें कोण कोण होतीं, याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

परदेशांतील एका उदाहरणानें हा मुद्दा लवकर उमजेल. आयर्लंडांतील आडनांवें बहुधा पूर्वजाच्या नांवावरून पडलेलीं आहेत. आरंभींचा 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, आणि 'मॅक' म्हणजे पुत्र. १०१४ सालीं रणांत पडलेला ब्रायन बोरू हा राजा. त्याचे वंशज ते ओब्रायन. म्हणजे तेथें आडनांव हें रक्ताचें सांगणें असतें. तेथेंही कांहीं नांवें धंद्यावरून पडलीं. आज 'वॉर्ड' म्हणविणाऱ्या कित्येक आयरिश घराण्यांचें मूळ नांव 'भाटाचा पुत्र' अशा अर्थाचें आहे. परंतु तेथेंही पुत्र हा शब्द सुटलेला नाहीं. आपल्या देशमुखांत ना पुत्र आहे ना पूर्वज. आहे तो केवळ हुद्दा.

देश म्हणजे येथें परगणा, आणि त्याचा मुख तो देशमुख. गांवाच्या पातळीवर पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे. पहिल्यानें वसूल गोळा करावा, शांतता राखावी, पडीक जमिनी लागवडीस आणाव्या. दुसऱ्यानें दप्तर लिहावें. मोबदला म्हणून वसुलांत ठरलेला हिस्सा, इनाम जमिनी आणि नानाप्रकारचे हक्क-लाजिमे मिळत. शिवाय मानपान. पोळ्याला कोणाचा बैल पुढें, होळीला कोणाची पोळी आधीं, यावरून पिढ्यान् पिढ्या चाललेले तंटे आपल्या जुन्या महजरांत ठायीं ठायीं सांपडतात. आज वाचतांना हंसूं येतें. परंतु तो मान म्हणजे वतनाच्या मालकीचा पुरावाच असे, हें ध्यानीं घेतलें म्हणजे एवढ्यासाठीं लोक जिवावर कां उदार होत तें कळतें.

हें वतन वंशपरंपरेचें खरें, पण तें विकतां येई, गहाण टाकतां येई, वांटून देतां येई. त्यामुळें ज्याच्या घरीं देशमुखी आली तो देशमुख झाला. त्याचें मूळचें कूळ कोणतेंही असो. उलट, कित्येक मोठ्या घराण्यांनीं देशमुखी उपभोगली, पण आडनांव मात्र आपलें जुनेंच ठेवलें. कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, सिंदखेडचे जाधव, हे सारे देशमुखच. पण कान्होजी देशमुख असें म्हटलें तर कोणास ओळख पटणार नाहीं, कान्होजी जेधेच म्हणावें लागेल. नांव कोणीं टिकविलें आणि कोणीं टाकलें याला कांहीं नियम दिसत नाहीं. घराण्याचा लौकिक हुद्द्याहून मोठा असेल तर कुळाचें नांव राहिलें, आणि हुद्दा लौकिकाहून मोठा असेल तर हुद्दाच नांव होऊन बसला, असा माझा अंदाज आहे.

राज्यकर्त्यांना हे देशमुख हवेहि असत आणि नकोसेहि. त्यांच्यावांचून वसूल होत नसे, आणि त्यांच्या बळावर राज्य निर्धास्तपणें चालतही नसे. शिवाजी महाराजांनीं देशमुख-पाटलांचे कोट-हुडे पाडून त्यांना सामान्य रयतेप्रमाणें साध्या घरांत राहावयास लाविलें, असें सभासद सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर वतनदारांस राज्याचे जणूं भाऊबंद मानून त्यांना फार वाढूं देऊं नये आणि एकदम तोडूंही नये असा सावध सल्ला आहे. याच हुद्द्याच्या वरची पायरी म्हणजे सरदेशमुखी. शेंकडा दहा या दरानें ती वसूल करण्याचा अधिकार १७१९ मध्यें मोंगल बादशहाकडून शाहू महाराजांना मिळाला. एका गांवपरगण्याच्या हक्कानें साम्राज्याच्या राजकारणांत केवढी मजल मारली पाहा.

आतां माणसांकडे वळूं. पहिलें नांव अर्थात् लोकहितवादींचें. गोपाळ हरि देशमुख यांचा जन्म पुण्यास १८२३ सालीं झाला. घराण्याचें मूळ आडनांव सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळें देशमुख म्हणूं लागले. वडील सेनापति बापू गोखल्यांचे फडणीस. अशा, पेशवाई बुडाल्यानें ज्यांचें बरेंच कांहीं बुडालें त्या घरांतील या तरुणानें १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांत आपल्याच लोकांच्या आळसावर, अज्ञानावर आणि जातीच्या अभिमानावर शंभरावर पत्रें लिहिलीं. विसाव्या-पंचविसाव्या वर्षीं एवढें धारिष्ट! पुढें सरकारी नोकरींत १८५६ मध्यें ते इनाम कमिशनचे असिस्टंट कमिशनर झाले. या कमिशनचें काम काय, तर इनामदार-वतनदारांच्या सनदा तपासावयाच्या आणि ज्यांना पुरावा दाखवितां येणार नाहीं त्यांचीं इनामें खालसा करावयाचीं. एका देशमुखानें इतरांच्या इनामांचीं कागदपत्रें तपासावीं, हा योग मला त्यांच्या शतपत्रांइतकाच बोलका वाटतो. त्यांच्यावर याबद्दल त्या काळीं टीका झाली नसती तरच नवल. नंतर अहमदाबाद, नाशिक येथें ते न्यायाधीश होते, आणि १८९२ सालीं निवर्तले.

आपल्या मराठवाड्याचा इतिहास थोडा निराळा आहे. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथें सर सालारजंगांनीं १८६५ च्या जिलाबंदीनें वसुलाचें काम सरकारी अंमलदारांकडे दिलें आणि देशमुख-देशपांड्यांस रुसूम म्हणून नेमणूक बांधून दिली. काम गेलें, पैसा राहिला, मान राहिला. मराठी भागांत त्यांतून हळूहळू आडनांव उरलें. तेलुगु भागांत मात्र तें आडनांव झालेंच नाहीं. तेथें देशमुख ही पदवीच राहिली आणि पदवीबरोबर सत्ताही राहिली. हजारों एकरांचे हे 'दोरा' लोकांकडून वेठ घेत. जनगांव तालुक्यांतील विसुनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी हें त्यांतलें सर्वांत कुप्रसिद्ध नांव. पालकुर्ती गांवच्या चाकली ऐलम्मा नांवाच्या एका परटिणीनें आपल्या शेतांतील पीक त्यांच्या माणसांना नेऊं दिलें नाहीं. ४ जुलै १९४६ रोजीं कडवेंडी येथें दोड्डी कोमरय्या हा तरुण देशमुखाच्या माणसांच्या गोळीला बळी पडला, आणि त्यांतूनच तेलंगणाचा सशस्त्र लढा पेटला. देशमुख हा शब्द आमच्याकडे लग्नपत्रिकेंत शोभून दिसतो. तिकडच्या जुन्या माणसाला तोच शब्द ऐकून काय आठवत असेल याची कल्पना केलेली बरी. एकाच राज्यांतले हे दोन भाग, शंभर-दोनशें मैलांच्या अंतरावरचे.

मराठवाड्यांतील दोन देशमुख अखिल भारतांत गाजले. हिंगोलीजवळच्या कडोळीचे चंडिकादास अमृतराव, म्हणजे नानाजी देशमुख, यांचा जन्म १९१६ चा. बालपण इतक्या गरिबींत गेलें कीं शिक्षणासाठीं त्यांनीं भाजी विकली. राजकारणांत त्यांचा पक्ष कोणता आणि मतें कोणतीं हें सर्वांस ठाऊकच आहे, आणि त्यांविषयीं ज्याचें त्याचें मत निराळें असेल. पण १९७७ मध्यें चालून आलेलें मंत्रिपद त्यांनीं नाकारलें, साठी उलटतांच सत्तेचें राजकारण सोडलें आणि गोंडा व पुढें चित्रकूट येथें खेड्यांचें काम केलें, हें मात्र सर्वांनाच मान्य आहे. २०१० मध्यें ते वारले, तेव्हां देहही त्यांनीं वैद्यकीय अभ्यासासाठीं देऊन ठेवला होता. २०१९ सालीं त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालें.

दुसरे अर्थात् लातूरजवळच्या बाभळगांवचे विलासराव. १९४५ चा जन्म. १९७४ मध्यें ते गांवचे सरपंच झाले, १९८० मध्यें आमदार. आणि १९८२ मध्यें लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९५ च्या निवडणुकींत लातूरकरांनीं त्यांना घरीं बसविलें. चारच वर्षांनीं त्याच लातूरकरांनीं पुन्हां निवडून दिलें आणि ते मुख्यमंत्री झाले. दुसऱ्यांदा २००४ ते २००८ पर्यंत ते त्या पदावर होते. मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांनीं राजीनामा दिला. २०१२ सालीं त्यांचें निधन झालें. जुन्या परगण्याच्या देशमुखाला मतें मागावीं लागत नसत, पाडलें जाण्याचें भय तर नव्हतेंच. बाभळगांवच्या देशमुखांना दोन्ही अनुभव घ्यावे लागले. त्यांचे चिरंजीव रितेश यांच्यामुळें हें आडनांव आतां सिनेमाच्या पडद्यावरही पोंचलें आहे. मराठी पडद्यावर तें रंजना देशमुख यांनीं आधींच पोंचविलें होतें.

वऱ्हाडांत गेलें कीं डॉ. पंजाबराव भेटतात. अमरावती जिल्ह्यांतील पापळचे, जन्म १८९८ चा. आणि यांचेंही मूळ आडनांव निराळें, कदम. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, वैदिक वाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. आणि या वैदिक पंडितानें परत आल्यावर काय केलें, तर १९२७ मध्यें अमरावतीचें अंबादेवीचें मंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून चळवळ केली. श्री शिवाजी शिक्षण संस्थेनें विदर्भांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा-कॉलेजें दिलीं, ती त्यांचीच. १९५२ ते १९६२ ते केंद्रांत कृषिमंत्री होते, आणि अकोल्याचें कृषि विद्यापीठ त्यांच्या नांवानें चालतें. त्याच वऱ्हाडांतील सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय, कर्जानें पिचलेलें शेतकरी कुटुंब. आडनांव वसूल करणाराचें, व्यथा वसूल देणाराची.

चिंतामणराव देशमुख हें नांव आपल्या पिढीला निराळें सांगावयास नको. महाडजवळच्या नाते गांवीं १८९६ सालीं जन्म, मॅट्रिकला संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, मग आय. सी. एस. १९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेले. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचें ठरत आहे असें पाहतांच १९५६ मध्यें त्यांनीं त्या पदाचा राजीनामा दिला. आंकड्यांत आयुष्य घालविलेल्या या गृहस्थानें मेघदूताचें मराठी भाषांतर केलें आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई या तर जन्मानें देशमुखही नव्हत्या आणि मराठीही नव्हत्या. राजमहेंद्रीची ही तेलुगु मुलगी. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसच्या वेळीं प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका असतांना तिनें तिकीट नाहीं म्हणून पंडित नेहरूंना अडविलें होतें. घटना समितींत त्या होत्या, पण तेथील कामकाजांत नांव आढळेल तें जी. दुर्गाबाई असें, देशमुख हें आडनांव त्यांना १९५३ मध्यें विवाहानें मिळालें. समितींत त्या वेळीं असलेले देशमुख म्हणजे पंजाबराव. १९७५ मध्यें पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळालें.

शेवटीं एका अशा देशमुखांविषयीं, ज्यांचें नांव रोज हजारोंच्या डोळ्यांसमोरून जातें आणि कोणी वाचीत नाहीं. मुंबईचा पेडर रोड; त्याचें अधिकृत नांव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. हे मुंबईचे शल्यवैद्य आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद. हिंदु विधवेला नवऱ्याच्या मिळकतींत मुलाबरोबरीनें वांटा देणारा १९३७ चा कायदा यांच्या प्रयत्नानें झाला, म्हणून वकील मंडळी त्याला 'देशमुख ॲक्ट' म्हणत. वतनें पुरुषांच्या वंशांतून चालत आलेलीं. घरांतील विधवेला पोटगीवांचून कांहीं नाहीं. त्या व्यवस्थेला पहिली चीर पाडणाऱ्या कायद्याला देशमुखांचेंच नांव मिळावें! वांटा हयातीपुरता होता, विकण्याचा पुरा अधिकार नव्हता. आणि १९४१ मध्यें फेडरल कोर्टानें ठरविलें कीं शेतजमिनीला तो कायदा लागू नाहीं, कारण शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारींतली. म्हणजे वाड्यांतील विधवेला दागिन्यांत आणि घरांत हिस्सा आला, पण ज्या जमिनीवर वाडा उभा होता ती पुन्हां दूरच राहिली. मुंबई राज्यानें १९५० च्या कायद्यानें परगणा-वतनें संपविलीं. स्त्रीला पुरी मालकी १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मिळाली, आणि मुलींना मुलांसारखें जन्मतःच वडिलार्जित मिळकतींत सहहिस्सेदार महाराष्ट्रानें १९९४ मध्यें केलें, सबंध देशानें २००५ मध्यें.