हट्टीची सुवर्णभूमी आणि राहून गेलेला एक प्रश्न

वाळवंटातील प्राचीन सोन्याच्या खाणी म्हटल्या, की इजिप्त आणि नुबिया डोळ्यांसमोर येतात. तशी एखादी सुवर्णवसाहत पाहण्याची इच्छा पुष्कळ वर्षे मनात होती. तिकडे जाण्याचा योग काही आला नाही. परंतु बेळगावहून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येईल असे एक प्राचीन सुवर्णक्षेत्र आपल्याच राज्यात आहे, हे ध्यानात आले आणि रायचूर जिल्ह्यातील हट्टीला जाण्याचे ठरले.

बागलकोट, हुनगुंद मागे टाकून लिंगसुगूरच्या रस्त्याला लागलो, की बेळगावच्या हिरवाईला सरावलेले डोळे दिपू लागतात. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला हा दुआब म्हणजे वाळवंट नव्हे. पण चैत्र-वैशाखात त्याची आठवण करून देईल इतका रखरखीत खचित आहे. अशा माळावर हट्टीच्या खाणीची उंच यंत्रणा आणि दळलेल्या दगडाचे करडे ढिगारे दुरूनच दिसतात. 1947 साली स्थापन झालेली येथील कंपनी आज राज्य सरकारच्या मालकीची आहे. कोलारच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्यानंतर देशातील खाणीच्या सोन्याचा मोठा वाटा येथूनच येतो.

परंतु हट्टीचे खरे नवल जमिनीखाली आहे. आधुनिक काळात येथे खोदकाम सुरू झाले तेव्हा सुमारे 640 फूट खोलीपर्यंत प्राचीन खाणकामाच्या खुणा सापडल्या. तेथे मिळालेल्या लाकडाची किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे तपासणी केली असता त्याचे वय सुमारे दोन हजार वर्षे निघाले. सुरुंगाची दारू नव्हती, पंप नव्हते, वीज नव्हती. मग हा पाताळप्रवेश साधला कसा? खडकालगत लाकडे रचून पेटवायची, दगड तापला की त्यावर पाणी ओतायचे आणि तडकलेला भाग छिन्नी-हातोड्याने फोडायचा, ही ती रीत. वर आणलेली गारगोटी दगडी खळग्यांत कुटून तिचे पीठ करायचे आणि आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ धुतात तसे ते धुऊन सोन्याचे कण वेगळे करायचे.

हट्टीत राबणाऱ्या त्या माणसांबद्दल लिहिलेले काही उरलेले नाही. नुबियाच्या वाळवंटातील खाणींचे वर्णन मात्र इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक अगाथार्किडीस याने करून ठेवले आहे. तेथेही खडक आगीनेच फोडत. कपाळाला दिवे बांधलेले तरुण दगड फोडीत, लहान मुले बोगद्यातून तुकडे गोळा करीत, स्त्रिया आणि वृद्ध जात्यावर ते दळीत. आजारी पडलेल्यालाही विश्रांती नसे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे वर्णन अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

हट्टीहून आम्ही मस्कीला गेलो. तेथील टेकडीवरचा अशोकाचा शिलालेख 1915 साली सी. बीडन या खाण अभियंत्याला सोन्याचा शोध घेत असताना सापडला. ‘देवानांप्रिय’ या बिरुदासोबत अशोक हे नावही कोरलेले असल्यामुळे हा लेख इतिहासात अमोल ठरला. धर्माचे फळ केवळ थोरांनाच नव्हे, लहान माणसालाही मिळू शकते, असा त्याचा आशय आहे. त्या शिळेसमोर उभे असताना मनात आले, की जवळच्या खाणीत उतरणाऱ्या लहान माणसाच्या वाट्याला काय आले असेल?

निदान एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगता येते. गारगोटी म्हणजे सिलिका. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे वायुकोशांत पोहोचले, की फुप्फुसात तंतुमय गाठी होतात. सिलिकोसिस तो हाच. त्यावर रोग मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही, आणि अशा फुप्फुसात क्षयरोग सहज घर करतो. आपल्या देशात या रोगाच्या आरंभीच्या नोंदी कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्याच आहेत.

परतीच्या वाटेवर मला माझाच एक जुना रुग्ण आठवला. मध्यमवयीन माणूस, वर्षानुवर्षांचा खोकला, वाढत जाणारी धाप. क्षयाची औषधे घेऊनही उतार पडत नव्हता. बिडी ओढता का, घरात कुणाला क्षय होता का, हे सारे मी विचारले. काम काय करता, एवढे मात्र विचारले नाही. तो ओतकामाच्या कारखान्यात साच्याची वाळू झाडण्याचे काम करीत होता, हे फार उशिरा कळले.

रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असे इटलीच्या रामाझ्झिनी यांनी 1700 साली आपल्या ग्रंथात बजावून ठेवले आहे. आपल्या उद्यमबागेतील ओतशाळांची कीर्ती दूरवर आहे आणि तिचा अभिमान आपल्या सर्वांना आहे. त्या ओतशाळांतली वाळूही सिलिकाच. धूळ पाण्याने दाबणे, ती शोषून घेणारी यंत्रे लावणे, योग्य मुखपट्टी वापरणे आणि वेळोवेळी छातीचे क्ष-किरण चित्र काढणे, हे उपाय आपल्या हाती आहेत. हट्टीच्या प्राचीन खाणकऱ्याला यांतले काहीच उपलब्ध नव्हते.

तेव्हा समव्यवसायी बंधुभगिनींना एवढीच विनंती, की केसपेपरवर नाव आणि वय लिहून झाले, की व्यवसायही लिहावा. आणि ‘कारखान्यात’ एवढ्या उत्तरावर न थांबता तेथे नेमके काय करता, हेही विचारावे.