लहान व्यापाऱ्याने करनोंदणी करावी काय?

आपल्या भागातील किराणा दुकानदार, शिंपी, लोहार, सुतार, खानावळचालक अशा एकट्याने व्यवसाय करणाऱ्या अनेक बंधुभगिनींच्या मनात करनोंदणीविषयी दोन परस्परविरुद्ध समज आढळतात. दुकान उघडताच नोंदणी केली नाही तर दंड होतो, असे काहींना वाटते. तर लहान माणसाचा कराशी संबंधच येत नाही, असे इतर काही मानतात. हे दोन्ही समज अपुरे आहेत. म्हणून नोंदणी केव्हा सक्तीची, केव्हा ऐच्छिक आणि ऐच्छिक असताना ती केव्हा हिताची, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१ जुलै २०१७ पासून पूर्वीच्या विक्रीकराची व मूल्यवर्धित कराची जागा बहुतांश वस्तूंच्या बाबतीत वस्तू व सेवा कराने घेतली. मद्य, पेट्रोल व डिझेल मात्र या कराच्या कक्षेबाहेर असून त्यांवर राज्याचा कर पूर्ववत चालू आहे.

नोंदणी सक्तीची केव्हा?

केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याची एका आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास नोंदणी करावी लागते. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश व गुजरात या राज्यांत लागू आहे. तेलंगणाने मात्र वस्तूंसाठीही २० लाखांचीच मर्यादा कायम ठेवली असल्याने हैदराबादच्या व्यापाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावी. सेवा देणाऱ्यांसाठी मर्यादा २० लाखांची आहे. जो शिंपी कापडही विकतो आणि शिवणकामही करतो, त्यालाही २० लाखांचीच मर्यादा लागू होते. विटा व कौले तयार करणाऱ्यांना १ एप्रिल २०२२ पासून ४० लाखांची सवलत मिळत नाही.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, तर विक्रीची एकूण रक्कम होय. ती एका पॅन क्रमांकावर मोजली जाते. म्हणून एकाच मालकाची म्हापशात एक व बेळगावात दुसरी अशी दोन दुकाने असल्यास दोन्हींची विक्री एकत्र धरली जाते. करमाफ वस्तूंची विक्रीही या बेरजेत येते. खाद्यपदार्थांबरोबर मद्य विकणाऱ्या खानावळचालकाने मद्याची विक्रीही हिशेबात धरावी. याउलट, जो केवळ ताजी भाजी, ताजी मासळी, दूध अशा पूर्णतः करमाफ वस्तूच विकतो, त्याला उलाढाल कितीही असली तरी या नोंदणीची आवश्यकता नाही. स्वतःच्या शेतातील उत्पन्न विकणाऱ्या शेतकऱ्यालाही ती नाही.

सीमाभागातील व्यापाऱ्यांनी आणखी एक भेद जाणून घ्यावा. परराज्यातून माल खरेदी केल्याने नोंदणी सक्तीची होत नाही. परंतु करपात्र माल परराज्यात विकल्यास, काही हस्तकला वस्तूंचा अपवाद सोडता, उलाढाल अल्प असली तरी ती सक्तीची होते. सेवांना मात्र २० लाखांपर्यंत ही अट नाही.

मर्यादेच्या आत असताना विचार कसा करावा?

येथे नोंदणी ऐच्छिक आहे. आपले गिऱ्हाईक कोण, या प्रश्नाच्या उत्तरावर तिचा लाभ अवलंबून आहे. एक उदाहरण घेऊ.

लोखंडी कपाटे तयार करून विकणारा एक कारागीर ५,००० रुपयांचा पत्रा विकत घेतो. त्यावर १८ टक्के दराने ९०० रुपये कर भरतो. मजुरी व नफा मिळून त्याला २,००० रुपये हवे आहेत. नोंदणी नसेल, तर भरलेला कर किमतीत मिळवून तो कपाट ७,९०० रुपयांना विकेल. नोंदणी असेल, तर ७,००० रुपये किंमत व त्यावर १,२६० रुपये कर असे ८,२६० रुपये घेईल. त्या करातून आधीचे ९०० रुपये वजा करून ३६० रुपये शासनाकडे भरेल.

घरगुती गिऱ्हाइकाला नोंदणीकृत कारागिराचे कपाट ३६० रुपयांनी महाग पडते. परंतु नोंदणीकृत व्यापारी स्वतःच्या करपात्र धंद्यासाठी ते घेत असेल, तर १,२६० रुपयांची वजावट मिळून त्याला ते ७,००० रुपयांतच पडते. नोंदणी नसलेल्याकडून घेतल्यास त्याला पुरे ७,९०० रुपये मोजावे लागतात. यावरून असे दिसते की, गावातील घरगुती गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या धंद्यास ऐच्छिक नोंदणीचा विशेष लाभ नाही; मात्र घाऊक व्यापारी, कारखाने वा हॉटेले यांना माल पुरवणाऱ्याची कामे नोंदणीअभावी हातची जाऊ शकतात.

आपसमेळ योजना

ज्यांची उलाढाल मर्यादा ओलांडते, परंतु गिऱ्हाईक मुख्यतः घरगुती आहे, त्यांच्यासाठी आपसमेळ योजना सोयीची आहे. वस्तूंच्या बाबतीत दीड कोटी रुपयांच्या उलाढालीपर्यंत ती घेता येते. व्यापारी व उत्पादक यांस १ टक्का, तर खानावळीस ५ टक्के कर तीन महिन्यांनी एकदा भरावा लागतो. हा कर गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही, खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. मद्य विकणाऱ्यास ही योजना खुली नाही.

नोंदणीबरोबर येणारी कर्तव्ये

नोंदणीसाठी शासकीय शुल्क नाही. ऐच्छिक नोंदणी घेतल्यावरही सर्व नियम पूर्णपणे लागू होतात. एक रुपयाची विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावेच लागते. विलंब झाल्यास शून्य विवरणपत्रास दररोज २० रुपये व अन्यथा ५० रुपये, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, विलंब शुल्क आकारले जाते. थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. म्हणून वह्या नियमित लिहिण्याची तयारी नसताना केवळ हौसेने नोंदणी घेऊ नये.

नोंदणी सक्तीची झाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावा. पात्र असूनही नोंदणी टाळल्यास १०,००० रुपये वा चुकवलेल्या कराची रक्कम, यांपैकी जी अधिक असेल तितका दंड होऊ शकतो. नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून कर म्हणून रक्कम घेणे हाही गुन्हा आहे.

नोंदणी नसलेल्यांनीही रोजच्या विक्रीची नोंद ठेवावी. २०२५ च्या जुलै महिन्यात कर्नाटकातील अनेक लहान व्यापाऱ्यांना यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमांच्या आधारे नोटिसा आल्या. खात्यात जमा होणारी प्रत्येक रक्कम ही विक्री नसते, आणि प्रत्येक विक्री करपात्र नसते. पण हे दाखवण्यास कागद लागतो. उसनवार, घरगुती रकमा व करमाफ विक्री यांचा हिशेब वेगळा ठेवल्यास नोटिशीला उत्तर देणे सुलभ होते. वर्षअखेरची वाट न पाहता दर महिन्यास विक्रीची बेरीज करावी, म्हणजे मर्यादा जवळ येत असल्याचे व्यापाऱ्यास वेळीच कळेल.